गुग्गुळाचे दफ्तर

योगराज गुग्गुळ महाराष्ट्रातल्या वैद्यांच्या नित्य वापरातला. परंतु गुग्गुळ हा ज्या झुडपाचा डिंक, ते थरच्या निर्जल मुलखात, कच्छच्या माळांवर आणि सिंधच्या खडकाळ टेकड्यांवर वाढते, आणि तेथील त्याच्या जुन्या वस्तीचा दाखला पाहावयाचा, तर सुकवून कागदावर डकवलेल्या फांद्यांच्या दफ्तराकडेच वळावे लागते.

1839 साली वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नट यांनी आपले सहकारी रॉबर्ट वाइट यांच्या नावाने या वनस्पतीची शास्त्रात नोंद केली. दहा वर्षांनी, मुंबई सरकारच्या नोकरीत सिंधमध्ये असलेले डॉक्टर स्टॉक्स यांनी तिचेच वर्णन ‘मुकुल’ या नावाने प्रसिद्ध केले. अशा दुहेरी नोंदींची रुजवात मूळ नमुना समोर ठेवल्यावाचून होत नाही. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील जेझुइट पाद्री एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी हॉलबर्ग हे 1917 च्या असाधारण पावसाळ्यानंतर जोधपूर व जैसलमेर या संस्थानांत हिंडले, आणि त्यांनी सिद्ध केलेली वाळवंटाची वनस्पतिसूची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून क्रमशः प्रकाशित झाली.

या वनस्पतीच्या नमुन्यात महिन्याला फार महत्त्व आहे. वर्षाचा बहुतेक काळ हे झुडूप पर्णहीन असते. त्यामुळे उन्हाळ्यातल्या कागदावर काट्याप्रमाणे टोकदार झालेली वाकडी डहाळी आणि पापुद्र्यांनी सुटणारी पातळ साल एवढेच हाती लागते, तर पावसाळ्यातल्या कागदावर त्रिदली पाने दिसतात. फुले इतकी सूक्ष्म, की नर कोणते आणि मादी कोणते हे भिंगाखाली ठरवावे लागते. आणि हे ठरवणे अगत्याचे आहे, कारण निसर्गात नर झाडे अतिशय विरळ असून मादी झाडे परागसिंचनावाचूनही बीज धरतात, असे भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1996 साली दाखवून दिले.

डिंकासाठी खोडावर खोल खाचा पाडण्याच्या प्रघाताने झाड वाळून मरते. या अतिरेकामुळे 2015 साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने या जातीची गणना अतिसंकटग्रस्त वर्गात केली. म्हणूनच जुन्या चिठ्ठीवरचे गाव, तारीख आणि संग्राहकाचा अनुक्रमांक यांना मी महसुली दाखल्याइतके मोल देतो, आणि आजच्या संग्राहकाने झाडाचे लिंग व खोडावरील खाचांची संख्याही तेथेच लिहून ठेवावी, असे मला आग्रहाने वाटते. कागदावर डकवलेल्या लहानशा डहाळीवरून खोडाची ही हकीकत कळण्यासारखी नसते.