संपादकीय विभाग : छापण्यापूर्वीची बातमी

वृत्तपत्राच्या ज्या दालनात बातमी येते, तपासली जाते, लिहिली जाते आणि अखेर पानावर बसविली जाते, त्यास संपादकीय विभाग म्हणतात. 'न्यूजरूम' हा शब्दही आता मराठीत रुळला आहे. बाहेरून पाहणाऱ्यास तेथे सारे एकच काम करीत असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तेथे दोन व्यवसाय एका छपराखाली नांदतात. एक बातमी आणणाऱ्यांचा, दुसरा तिला छापण्यायोग्य करणाऱ्यांचा. या दोघांचे फारसे पटत नाही, आणि ते वाचकाच्या हिताचेच असते.

मराठी पत्रकारितेच्या आरंभी असा विभाग नव्हता. बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाला, तेव्हा संपादक हाच लेखक आणि भाषांतरकार होता. १८८१ मध्ये सुरू झालेल्या 'केसरी'चा जीवही बातमीपेक्षा अग्रलेखात होता. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात 'सकाळ' काढला आणि गावोगावच्या वार्ताहरांचे जाळे विणून बातमीला मतापुढे बसविले. आजच्या विभागाची घडण बरीचशी त्या वळणाची आहे.

बातमीदारांना क्षेत्रे वाटून दिलेली असतात. मंत्रालय, महापालिका, न्यायालय, पोलीस, रेल्वे, शिक्षण अशा या 'बीट'वर कोण जाणार, हे मुख्य वार्ताहर ठरवितो. एकच क्षेत्र वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्याला कोणती फाइल कोणत्या टेबलावर अडली आहे, हे कळते. मात्र ज्यांच्यावर लक्ष ठेवायचे, त्यांच्याशीच स्नेह जडण्याचा धोकाही तेथेच असतो. तालुक्याच्या वार्ताहराची अडचण आणखी अवघड असते. तुटपुंज्या मानधनावर काम करताना अनेकदा त्याच्याकडूनच जाहिरातींचीही अपेक्षा ठेवली जाते. ज्या बाजार समितीची जाहिरात आणायची, तिच्याच कारभाराची बातमी त्याने द्यायची असते. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याचे गुणगान करणारा शब्दशः सारखा मजकूर निरनिराळ्या मराठी दैनिकांत आला. 'द हिंदू'मध्ये पी. साईनाथ यांनी तो उघड केला, तेव्हा 'पेड न्यूज' हा शब्द सर्वतोमुखी झाला.

आलेली बातमी 'डेस्क'वर, म्हणजे उपसंपादकांकडे जाते. मथळा त्याचा असतो, बातमीदाराचा नव्हे, हे वाचकांना सहसा ठाऊक नसते. मराठी उपसंपादकाला इंग्रजी दैनिकातील सहकाऱ्यापेक्षा एक काम जास्त असते. वृत्तसंस्थेची बातमी बहुधा इंग्रजीत येते आणि ती तासाभरात मराठीत आणावी लागते. रोमन लिपीतील आडनाव काळे की काले, हे अक्षरांवरून कळत नाही. 'वानी' हे काश्मिरी आडनाव आणि 'वणी' हे गाव एकाच प्रकारे लिहिलेले येते. कळंब धाराशिव जिल्ह्यातले की यवतमाळचे, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दशलक्षाचे लाख करताना एखादे शून्य सुटले, तर धरणच दहापट लहान होते. अपघातातील मृतांच्या यादीत नाव चुकले, तर त्याचा घाव एखाद्या घरावर बसतो.

काही नावे मुळातच छापायची नसतात. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २२८-अ तेच सांगत असे. बालकांबाबत 'पॉक्सो' कायदाही हीच मनाई करतो. नाव गाळून गल्ली, शाळा आणि वडिलांचा हुद्दा छापला, तरी ओळख पटतेच. घाईच्या वेळी हे ध्यानात ठेवणारा उपसंपादक रात्रपाळीला असणे महत्त्वाचे.

सायंकाळच्या बैठकीत पहिल्या पानाचा आराखडा ठरतो. लांबच्या जिल्ह्यांची डाक आवृत्ती आधी सुटते, शहर आवृत्ती मध्यरात्रीच्या सुमारास. म्हणूनच मुंबईत आणि दूरच्या तालुक्यात एकाच दिवशी एकच दैनिक वेगळे दिसू शकते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हे वेळापत्रक कोलमडले. साडेनऊच्या सुमारास गोळीबार सुरू झाला, तेव्हा प्रथम टोळीयुद्धाचीच चर्चा होती. छत्रपती शिवाजी टर्मिनससमोरच्या टाइम्स इमारतीतून 'मुंबई मिरर' या तत्कालीन दैनिकाचे छायाचित्र संपादक सेबॅस्टियन डिसोझा कॅमेरा घेऊन स्थानकात धावले. त्यांनी टिपलेले कसाबचे छायाचित्र जगभर गेले आणि पुढे खटल्यात त्यांनी साक्षही दिली. अशा रात्री कार्यालयातल्यांपुढे एकच प्रश्न असतो: जे कळले आहे, त्यातले खात्रीचे किती?

चुकले तर जबाबदार कोण, याचे उत्तर अंकातच छापलेले असे. १८६७ च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी कायद्यामुळे संपादकाच्या नावापुढे 'पीआरबी कायद्यानुसार जबाबदार' अशी ओळ येई. १ मार्च २०२४ पासून या कायद्याची जागा नियतकालिक नोंदणीच्या नव्या कायद्याने घेतली. ही जबाबदारी नावापुरती नव्हे. 'केसरी'तील लेखांसाठी लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी मंडालेत भोगली.

पूर्वी उपसंपादकानंतर मुद्रितशोधक मजकूर वाचीत असे. संगणकावर पाने लागू लागल्यावर बहुतेक दैनिकांत हे पद कमी झाले किंवा नाहीसेच झाले. दुसरीकडे संकेतस्थळासाठी दिवसभर बातम्या टाकणारा स्वतंत्र विभाग उभा राहिला. तेथे शेवटची वेळ अशी नसतेच. छापील अंकातील चुकीसाठी दुसऱ्या दिवशी खुलासा वा दिलगिरी छापावी लागते. संकेतस्थळावरील चूक मात्र वाचकाला न कळविता पुसता येते. दुरुस्तीची वेळ व कारण बातमीखाली नोंदवायचे की नाही, हे ज्या त्या संपादकावर अवलंबून असते.