हूक जुळेना, पॅकेज बसेना

सोलापुरी चादरीचे डिझाइन पिढ्यानपिढ्या मागावर चढत आले ते पुठ्ठ्यांच्या माळेतून. पुठ्ठ्याला भोक असेल तिथे सुई आत शिरते, हूक उचलला जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. फ्रान्समध्ये बूशोंने १७२५ साली भोकांची कागदी पट्टी वापरली, फाल्कनने पुठ्ठे आणले आणि १८०४च्या सुमारास जकार्डने हे सारे एका यंत्रात बसवले. बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच कल्पना उचलली, म्हणून संगणकाचे मूळ मागात आहे, असे आपण कौतुकाने सांगतो. त्या कुळातली एक खोड मात्र सांगायची राहून जाते. ४०० हुकांच्या जकार्डसाठी ठोकलेली माळ ६०० हुकांच्या जकार्डवर तशीच चालत नाही, कारण डिझाइनमध्ये न बोलता एक अट दडलेली असते: खाली अमुकच यंत्र हवे. लिनक्सवर डेस्कटॉप बसवताना ‘अमुक पॅकेज हवे, पण ते बसवले जाणार नाही’ असा जो निरोप येतो, तो याच अटीचा वारसदार आहे. फरक इतकाच, की इथे अट लिहून ठेवलेली असते.

ती लिहायची वेळ का आली, याचे उत्तर डेस्कटॉपमध्येच आहे. खिडक्या, बटणे, अक्षरे रेखाटणारा कोड प्रत्येक प्रोग्रामात वेगळा कोंबला तर प्रोग्राम फुगतात. म्हणून तो एकदाच ठेवून सगळ्यांनी वाटून घ्यायचा, ही सामायिक लायब्ररीची रीत १९८८च्या सनओएस ४ने युनिक्सच्या जगात रुळवली. वाटून घेतले की परस्परांवर विसंबणे आले. १९९३ साली इयन मर्डॉकने सुरू केलेल्या डेबियन या लिनक्स-वितरणाने प्रत्येक पॅकेजसोबत, म्हणजे प्रोग्राम वा लायब्ररीच्या बांधलेल्या गाठोड्यासोबत, ‘मला काय लागते’ ही नोंद देण्याची शिस्त लावली. पण ‘डीपीकेजी’ हे साधन हातात दिलेले पॅकेज तपासून फक्त तक्रार करी. हवे ते शोधून आणणारे ‘ॲप्ट’ १९९९ साली डेबियन २.१सोबत आले. रेड हॅट या दुसऱ्या वितरणाच्या घराण्यात तेच काम पुढे ‘यम’ने केले. म्हणजे अवलंबनाची कटकट हा लिनक्सचा गबाळेपणा नव्हे. वाटून खाण्याचा तो हिशेब आहे, आणि हिशेब चुकला की तो उघड दिसतो.

चुकतो कुठे? बहुतेक वेळा डेस्कटॉपमध्ये नाहीच. नुसत्या काळ्या पडद्यावर चालणाऱ्या सर्व्हरवर ग्नोम हा डेस्कटॉप मागितला की ॲप्ट शेकडो पॅकेजांची साखळी उलगडते, आणि तक्रार साखळीच्या वरच्या कडीच्या नावाने येते. दोषी खाली असतो: कधीतरी बाहेरच्या पॅकेज-भांडारातून आलेली एखादी लायब्ररी, अधिकृत आवृत्तीपेक्षा नवी, किंवा जुन्या-नव्या आवृत्त्यांची भांडारे एकत्र ठेवलेली. म्हणून वरचे पॅकेज पुनःपुन्हा मागण्यात अर्थ नाही. अर्धवट बसलेली पॅकेजे आधी पुरी बसवावीत, भांडाराची यादी ताजी करावी, मग तक्रारीतली एकेक कडी वेगळी मागून साखळी नेमकी कुठे अडते ते पाहावे. त्या कडीची आवृत्ती कोणत्या भांडारातून आली हे ॲप्टलाच विचारता येते. परके भांडार बंद करून ती लायब्ररी अधिकृत आवृत्तीवर मागे आणली, की वरच्या कड्या बऱ्याचदा आपोआप बसतात. जबरदस्तीने बसवण्याचा पर्याय असतो. तो वापरणे म्हणजे हूक कमी पडतात म्हणून पुठ्ठे कापणे.

यावर रास्त आक्षेप असा: फोनवरचे ॲप आपले सामान बरेचसे सोबत आणते, लिनक्सवरचे फ्लॅटपॅक आणि स्नॅप हे पॅकेजांचे प्रकारही तेच करतात, मग ही वाटणी हवीच कशाला? उत्तर २००२ सालच्या झेडलिबमध्ये आहे. फाइली आवळणाऱ्या या छोट्या लायब्ररीत धोकादायक दोष निघाला, तेव्हा सामायिक प्रत वापरणाऱ्यांचे काम एका पॅकेजच्या बदलाने भागले. ज्यांनी तिची प्रत पोटात घेतली होती असे प्रोग्राम मात्र एकेक शोधून दुरुस्त करावे लागले. अर्थात एखाद-दुसऱ्या ॲपसाठी फ्लॅटपॅक सोयीचेच आहे. अख्खा डेस्कटॉप तसा बांधणे मात्र महागात पडेल.

दुसरा आक्षेप मागाच्या उपमेवर घेता येईल, आणि तो अर्धा खरा आहे. माळ आणि जकार्ड यांचे नाते दोघांचे. ते जुळते की नाही, हे कारागीर नजरेने सांगतो. पॅकेजांचे नाते हजारोंचे. युरोपातल्या ‘इडॉस’ प्रकल्पाच्या संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले, की एखादे पॅकेज बसू शकते का, हा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे सर्व प्रसंगी झटपट उत्तर देणारी रीत कोणालाच ठाऊक नाही. म्हणूनच २००८च्या ओपनसुसे ११ या वितरणापासून तर्कशास्त्रातले ‘सॅट सॉल्व्हर’ या कामाला जुंपले गेले. मागाकडे मात्र यंत्र बदलले तरी अट तीच राहिली. इलेक्ट्रॉनिक जकार्ड आले तिथे पुठ्ठे गेले, डिझाइन फाइलमध्ये आले. पण ती फाइल किती हुकांची, हे चढवण्याआधी आजही पाहावे लागते.