दोन लाख किलोमीटरांची नवी मोटार

आमच्या घराण्यातली पहिली मोटार २०२२ सालच्या दिवाळीआधी चार दिवस अंगणात येऊन उभी राहिली. तिच्या काट्यावर २,१४,००० किलोमीटरांचा आकडा होता. शेजारच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी पेढा तोंडात टाकता टाकता विचारले, "गुरुजी, ही इकत आणली का कुणी इथं सोडून गेलं?" मी हसलो, पण प्रश्न मनात राहिला. शहरात दहा वर्षे पळून दमलेली डिझेलची मोटार मानवत तालुक्यातल्या एका शिक्षकाच्या दारात नेमकी आताच का यावी? इतिहास म्हटला की गड आणि लढाया एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. ह्या प्रश्नाचा माग काढीत गेलो तेव्हा मी जर्मनीपर्यंत जाऊन दिल्लीमार्गे परत आलो!

खरे म्हणजे डिझेल आमच्याकडे मोटारीतून आलेच नाही. ते आले विहिरीवरून. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन इंजिनिअराने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखविले. त्यात ठिणगी नाही. हवा इतक्या जोराने दाबायची की ती खूप तापावी आणि तीत तेलाचा फवारा मारताच तो आपोआप पेटावा, एवढीच युक्ती. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात असले एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते. हा भला माणूस १९१३ साली इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसा झाला. पण त्याचे इंजिन मात्र जगभर पोहोचले. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि पुढे मराठवाड्याच्या मळ्यामळ्यांतून तिच्या इंजिनांची टुकटुक ऐकू येऊ लागली. वीज पोहोचायच्या आधी मोट सुटली ती ह्या इंजिनामुळे.

माझे वडील, आम्ही त्यांना बापू म्हणतो, तीस वर्षे अशा एका इंजिनाचे मालक होते. मालक म्हणण्यापेक्षा सेवेकरी म्हणणे बरे. रात्री ओट्यावर निजलेला हा माणूस मळ्यातले इंजिन बंद पडले की जागा होई, आणि नुसता आवाज बदलला तरीही जागा होई. विहिरीवरचे इंजिन, एस. टी., मालमोटारी आणि पुढे माणसे टपापर्यंत भरून नेणाऱ्या काळ्यापिवळ्या जीप, हेच आमचे डिझेलविद्यालय. परभणी, जिंतूर, गंगाखेड येथले जुने फिटर ह्याच शाळेतून बाहेर पडले. डिझेलची घरगुती मोटार फार उशिराची. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी डिझेलची ॲम्बॅसॅडर आली. मग टेल्कोने ऑस्ट्रेलियातला निसानचा बंद पडलेला कारखाना विकत घेतला, तो सुटा करून पुण्यास आणून उभा केला आणि १९९८ च्या अखेरीस 'इंडिका' लोकांपुढे ठेविली. २००७ साली फिएटचे १२४८ सी.सी.चे इंजिन घेऊन डिझेलची 'स्विफ्ट' निघाली.

परंतु माणसांनी ह्या मोटारी घेतल्या त्या इंजिनाच्या प्रेमाने नव्हेत. घेतल्या त्या भावातल्या फरकासाठी, आणि माझ्या मते ह्या सगळ्या कथेची किल्ली तिथेच आहे. सरकारने जून २०१० मध्ये पेट्रोलच्या भावावरचे नियंत्रण काढले, डिझेलवरचे ठेवले. शेतकऱ्याचा पंप, एस. टी. आणि मालवाहतूक महाग होऊ नये, हा त्यातला हेतू, आणि हेतू चांगलाच होता. पण मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर गेले आणि डिझेल ४१ च्या आत राहिले, तेव्हा शहरातल्या हिशेबी माणसाने काय करावे? वर्गात मुलांना घालतो तसले गणित आहे. पेट्रोलची गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते, डिझेलची २०. म्हणजे पहिलीला किलोमीटरमागे ४ रुपये ८७ पैसे, दुसरीला २ रुपये ५ पैसे. डिझेलची गाडी लाखभर रुपयांनी महाग असली तरी पस्तीस-छत्तीस हजार किलोमीटरांत तो लाख वसूल होतो. त्या वर्षांत देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींत निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. काही मोटारींसाठी माणसे महिनेमहिने थांबत. शेतकऱ्याच्या नावाने स्वस्त ठेवलेले तेल असे शहरातल्या मोटारींनी जाळले. आमच्या गावात तेव्हा घरच्या वापराची डिझेलची मोटार एकही नव्हती.

जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा सुमारे पन्नास पैशांनी वाढू लागले, ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही नियंत्रणमुक्त झाले आणि फरक आटत गेला. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना दिल्लीत मज्जाव केला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. एप्रिल २०२० पासून धुराचे कडक नियम आले; लहान इंजिनावर तो खर्च झेपेना, म्हणून मारुतीने डिझेल मोटारी करणेच सोडले. ज्यांनी कालपर्यंत हौसेने घेतल्या त्यांना त्या नकोशा झाल्या. मग जिथे अजून चालतील तिकडे त्या निघाल्या.

आणि परभणीला तेलाचे दुखणे जुनेच! आमच्याकडे तेल येते मनमाडच्या डेपोतून, म्हणजे सुमारे ३०० किलोमीटरांवरून. ते भाडे आमच्याच खिशातून जाते. त्यामुळे राज्यातले सर्वांत महाग पेट्रोल असा मान परभणीला पुष्कळदा मिळाला आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईच्या आधी आम्ही नव्वदी ओलांडली. एरवी वर्तमानपत्रांना आमच्या जिल्ह्याची आठवण दुष्काळातच होते, तेव्हा हेही नसे थोडके.

मोटारीची हौस मला नव्हती. त्या पावसाळ्यात एका रात्री आईला दम लागला. गावातली जीप परगावी गेलेली. उजाडेपर्यंत आई भिंतीला टेकून बसून होती आणि मी दाराशी उभा होतो. त्यानंतर दरमहा तिला नांदेडला दाखवावे लागे. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर, परभणीला एस. टी. बदलून. सोसायटीतून कर्ज काढले आणि एका दलालाकडे गेलो. त्याने दोन गाड्या दाखविल्या. एक दिल्लीहून आलेली, लख्ख धुतलेली, काट्यावर फक्त ६८,०००. दुसरी आपल्याच राज्यातली, २०१२ ची स्विफ्ट. बंपर चेपलेला, आकडा वर सांगितलाच आहे. भाव जवळजवळ सारखा. मी पहिलीवर भाळलो. बापू खाली वाकले आणि तिच्या क्लचच्या पायडलावर बोट फिरवून म्हणाले, "काट्याला कायला इचारू लालास? ह्याला इचार." रबर झिजून आतले लोखंड दिसत होते. अडुसष्ट हजारांत एवढे झिजत नाही. स्टिअरिंगही चकचकीत गुळगुळीत झालेले. दलाल दुसरीकडे पाहू लागला.

मग दुसरीचे इंजिन सुरू करायला लावून त्यांनी तेलाचे झाकण काढले आणि भोकावर तळहात धरला. जुन्या डिझेलची रिंग झिजली असली म्हणजे तिथून वाफारा येतो आणि हात ढकलला जातो. बराच वेळ त्यांनी हात तसाच ठेविला, डोळे मिटले. रात्री ओट्यावर ऐकत तसे ऐकत होते. "हिला दमा न्हाई," एवढेच म्हणाले. कागद पाहिले, सर्व्हिसच्या पावत्या पहिल्यापासून लावलेल्या होत्या. आकडा मोठा होता, पण तो खरा होता. डिझेलच्या इंजिनाची घडण मुळातच जड, दाब सोसण्यासाठी केलेली; वेळेवर तेल बदललेल्या दोन लाखांना ते भीत नाही, खोट्या अडुसष्ट हजारांना मात्र आपण भ्यावे.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगतो. शाळेचे जाणे-येणे माझे आठ किलोमीटर. एवढ्यासाठी डिझेल घेणे वेडेपणा आहे; इंजिन नीट तापतसुद्धा नाही आणि त्याच्या नळ्यांत काजळी धरते. नांदेडची वारी नसती तर मी पेट्रोलचीच घेतली असती. घेतल्यापासून एकदा क्लचप्लेट आणि एकदा एक नोझल, दोन्हींचा खर्च मिळून माझ्या एका पगारात मोठे भगदाड पडले. तरी दोन्ही कामे मानवतलाच झाली, एका अशा फिटराकडे की ज्याने उमेदवारी विहिरीवरच्या इंजिनांवर केली होती.

नोव्हेंबर २०२७ मध्ये हिच्या नोंदणीची पंधरा वर्षे भरतील. मग आर. टी. ओ. त तपासणी, हरित कर आणि पास झाली तर पुढची पाच वर्षे. बापूंनी आतापासून फिटराला विचारून ठेविले आहे की, तपासणीला न्यायच्या आधी नोझल काढून धुवावी लागतील काय. आई मागच्या सीटवर उशी घेऊन बसते आणि पूर्णा नदीचा पूल आला की खिडकीतून नाणे टाकते.