चंद्रावरचा दगड आणि विजयदुर्गावरचा साहेब

चंद्रावर माणूस गेलाच नाही, ती सारी छायाचित्रे स्टुडिओत काढलेली आहेत, हा दावा आजही फिरत असतो. त्याची थट्टा करणे सोपे आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात एक ओळखीचा प्रश्न दिसायला हवा: समोरचा पुरावा अस्सल की बनावट, हे ठरवायचे कसे?

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पानिपतकालीन पत्रांशी ताडून बखरी कोठे घसरतात हे दाखवले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही याच शिस्तीच्या बळावर. कागद कोणाचा, केव्हाचा, कोणाच्या दप्तरातला, आणि त्याला दुसऱ्या स्वतंत्र कागदाचा दुजोरा आहे काय? कागद चमत्कारिक दिसतो एवढ्यावरून तो बनावट ठरत नाही.

छायाचित्रालाही हीच कसोटी लावावी. आकाशात तारे दिसत नाहीत, हा लोकप्रिय आक्षेप. दिवाळीत उजळलेल्या शनिवारवाड्याचा फोटो काढला तरी वर तारे उमटत नाहीत. झगझगीत वस्तूसाठी शटर क्षणभरच उघडते. ध्वज वाऱ्याने फडकत नव्हता, वरच्या कडेतील आडव्या दांडीने तो ताणून धरला होता. मात्र एवढ्याने केवळ आक्षेप निकालात निघतो. दुजोरा अन्यत्र शोधावा लागतो.

तो मुंबईतही सापडतो. १९६९ ते १९७२ या काळातील सहा अवतरणांतून सुमारे ३८२ किलो दगड-माती पृथ्वीवर आली आणि तिचे नमुने अनेक देशांतील प्रयोगशाळांना अभ्यासासाठी मिळाले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने असे नमुने तपासले. विश्वकिरणांतील लोहासारखी जड अणुकेंद्रके खनिजात घुसली की सूक्ष्म इजेची रेघ मागे ठेवतात. रसायनाने कोरल्यावर ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. पृथ्वीवरील दगडांना वातावरणाचे छत्र असते, म्हणून त्यांवर अशा रेघांची दाटी होत नाही. मग हे उल्कापाषाण तर नसतील? पण उल्केचा बाहेरचा थर वातावरणातून येताना जळून जातो, आणि सूर्याकडून येणाऱ्या कमी ऊर्जेच्या कणांच्या खुणा नेमक्या त्याच थरात असतात. चंद्राच्या दगडांवर त्या शाबूत होत्या. लाल यांचा गट उल्कापाषाणांचाही अभ्यास करीत असे, त्यामुळे हा फरक त्यांच्या नजरेतून सुटण्याजोगा नव्हता. लाखो वर्षांचा हा शिक्कामोर्तब कोणत्या स्टुडिओत करून घ्यावा?

प्रतिपक्षाची साक्ष तर अधिकच मोलाची. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीसाठी इंग्रज वखारीची पत्रे आपण आवर्जून वाचतो, ती यासाठीच. अपोलो ११ चंद्रावर उतरले तेव्हा सोव्हिएत संघाचे लूना १५ हे यान चंद्राभोवतीच फिरत होते. पुढे सप्टेंबर १९७० मध्ये लूना १६ ने यंत्राच्या साहाय्याने जेमतेम १०१ ग्रॅम माती आणली आणि दोन्ही देशांनी आपापल्या नमुन्यांची देवाणघेवाणही केली. लबाडी उघड करण्याची एवढी संधी शत्रूने का सोडावी? २०२१ मध्ये आपल्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्यानेही अपोलो ११ चे अवतरणस्थळ टिपले.

खोटी अंतराळछायाचित्रे नसतातच असे नव्हे. 'दिवाळीच्या रात्री अंतराळातून दिसणारा भारत' हे रंगीबेरंगी चित्र अनेकांनी पुढे पाठवलेले असेल. ते एका रात्रीचे छायाचित्र नाही. उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून, दिवे कोणत्या काळात वाढले हे दाखवण्यासाठी त्यात रंग भरले आहेत. चित्र खरे, मथळा बनावट. बखरी वाचणाऱ्यांना हा प्रकार नवा वाटू नये.

खंत वेगळीच आहे. चंद्रावर शंका घेणारी हीच मंडळी 'हेलियमचा शोध लॉकियरने १८ ऑगस्ट १८६८ रोजी विजयदुर्गावर लावला' ही कथा पुराव्याविना पुढे ढकलतात. किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' दाखवतात, हेलियम दिनही साजरा होतो. त्या ग्रहणाच्या वेळी वेध घेणारा फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन गुंटूरला होता. लॉकियर इंग्लंडमध्येच होता. सूर्यज्वालांचा वर्णपट त्याने २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, तेथूनच पाहिला. विजयदुर्गावर त्याचा तळ पडला तो तीस वर्षांनी, राजवाड्यांचा पहिला खंड निघाला त्याच साली. त्याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला यांनी जेऊरहून घेतले. लॉकियरचा विजयदुर्गावरील निरीक्षणांचा वृत्तांत छापील उपलब्ध आहे, आणि त्याच्या शीर्षकातच तारीख आहे: २२ जानेवारी १८९८.