27 कोटींत काय धरलं नव्हतं

12 मार्च 1993च्या मुंबई बॉम्बस्फोटांचे तीन आकडे कायम एकत्र येतात: 257 मृत, 713 जखमी आणि सुमारे 27 कोटी रुपयांची मालमत्ता नष्ट. सर्वोच्च न्यायालयाच्या 21 मार्च 2013च्या निकालपत्रात ते आहेत आणि सोबत ठिकाणवार तपशीलही आहे. तो सावकाश वाचावा.

सर्वांत मोठी रक्कम वांद्र्याच्या सी रॉक हॉटेलपुढे आहे, 9 कोटी. तिथे एकही माणूस दगावला नाही. वरळीच्या सेंच्युरी बाजारापाशी 113 जण गेले आणि रक्कम मात्र 2 कोटी. मोडलेल्या वस्तूंची किंमत धरली, बुडालेल्या कमाईची नाही. फौजदारी खटल्याला तेवढं पुरतं. हानी सिद्ध करायची असते, शहराचा ताळेबंद मांडायचा नसतो.

आता निव्वळ अंदाजासाठी एक गणित करू. मृतामागे सरासरी महिना 2,000 रुपये आणि कमाईची 25 वर्षं धरली, भाववाढ-व्याज सोडून दिलं, तर माणशी 6 लाख होतात. सेंच्युरी बाजारचेच 6 कोटी 78 लाख भरतात, म्हणजे नोंदलेल्या रकमेच्या तिपटीहून जास्त. सर्व 257 जणांचे 15 कोटी 42 लाख. जखमींचे उपचार, कायमचं अपंगत्व, घरातल्यांनी सोडलेली कामं यांचा एक पैसाही यात नाही. गृहीतकं माझी आहेत. वाचकाने हवी तर बदलावीत.

दुसऱ्या बाजूनेही जपावं लागतं. पहिला स्फोट शेअर बाजाराच्या इमारतीत झाला, 84 बळी गेले, तरी सोमवारी, 15 मार्चला, सौदे सुरू झाले. लांबणीवर पडलेला सौदा बुडीत धरला तर हिशेब फुगतो. त्याहून अवघड गाठ स्फोटांआधीच्या मुंबईतल्या दंगलींची. त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993मध्ये 900 माणसं मेली होती. मार्चनंतर एखाद्या पेठेतला धंदा बसलेला दिसला, तरी त्यातला किती वाटा स्फोटांचा आणि किती आधीच्या दंगलींचा? आधी-नंतरच्या आकड्यांची वजाबाकी इथे फसवी ठरते. माझ्या मते व्यापाराच्या नुकसानीचा एकच ठोक आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

खटल्याचा खर्च तर वेगळाच. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या विशेष न्यायालयाने 100 जणांना दोषी ठरवलं ते 2006मध्ये, तेरा वर्षांनी. तेवढी वर्षं पोलीस, तुरुंग, वकील, साक्षीदार यांवर पैसा लागत होता.

तेव्हा 27 कोटी जरूर लिहा, पण पुढे ‘मालमत्तेचं नुकसान’ एवढंच लिहा. स्फोटांची एकूण किंमत म्हणून तो आकडा छापू नका.