उंची, हवा आणि गती : मोटारींच्या वेगनोंदींचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
मोटारींच्या इतिहासात वेगाच्या नोंदींना महत्त्वाचे स्थान आहे. मात्र वेळ व अंतर यांचा उल्लेख करणारी नोंद ती कोणत्या उंचीवर घेतली गेली हे सांगतेच असे नाही. अशी नोंद ऐतिहासिक साधन म्हणून कितपत विश्वसनीय मानावी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शास्त्रीय पार्श्वभूमी :
उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो हे इ. स. 1648 मध्ये सिद्ध झाले. ब्लेझ पास्कलच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा पेरिए याने फ्रान्समधील प्वी-द-दोम पर्वतावर पाऱ्याची नळी नेली, तेव्हा शिखरावर पाऱ्याची पातळी खाली गेलेली आढळली. पुढे अंतर्ज्वलन इंजिन अस्तित्वात आल्यावर या शोधाला व्यावहारिक अर्थ प्राप्त झाला. इंधन जाळण्यासाठी इंजिनास हवेतील प्राणवायू लागतो. हवा विरळ झाली की प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो आणि शक्ती घटते. विरळ हवेचा विरोधही कमी असतो. परंतु थांबलेल्या वाहनाने वेग घेताना हा लाभ शक्तीच्या हानीपुढे अल्प ठरतो.

प्रयोग आणि शर्यत :
या हानीचे मोजमाप 1918 मध्ये झाले. सॅनफोर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्याने लिबर्टी विमान-इंजिन पाइक्स पीक या सुमारे 4,300 मीटर उंच शिखरावर नेले. पायथ्यापासून दूर, समुद्रसपाटीला 350 अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर 230 अश्वशक्तीच देऊ शकले. टर्बो जोडल्यावर मात्र तेथेच 356 अश्वशक्ती मिळाली. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने टर्बोच्या कल्पनेचे पेटंट 1905 मध्येच घेतले होते. मालमोटारींच्या डिझेल इंजिनांत आज सर्रास आढळणाऱ्या टर्बोच्या इतिहासात या प्रयोगाला विशेष स्थान आहे.

पाव मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर, सरळ अंतर कापण्याच्या ड्रॅग शर्यतींना अमेरिकेत 1951 साली स्थापन झालेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने संघटित रूप दिले. डेन्व्हरजवळील बॅंडिमिअर हे मैदान 1958 ते 2023 या काळात चालू होते. त्याची उंची सुमारे 1,770 मीटर होती. तेथील हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे 84 टक्के. शर्यतीचा वेळ शक्तीच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, हे अनुभवसिद्ध सूत्र लावल्यास किनाऱ्यावर 14 सेकंदांत धावणारी साधी मोटार येथे सुमारे 14.8 सेकंद घेईल. म्हणूनच या संस्थेने उंच मैदानांवरील वेळेसाठी दुरुस्ती-गुणक प्रसिद्ध केले. दुरुस्तीविना दोन मैदानांतील वेळांची तुलना करणे चालकावर अन्यायकारक ठरते.

महाराष्ट्राचा संदर्भ :
महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. ही धावपट्टी समुद्रसपाटीपासून 600 मीटरांहून अधिक उंचीवर आहे. वरील सूत्रानुसार 14 सेकंदांची मोटार येथे सुमारे 14.3 सेकंद घेईल. फरक अल्प वाटला, तरी विजय-पराजय सेकंदाच्या अंशांवर ठरत असल्याने तो उपेक्षणीय नाही.

परभणी जिल्ह्यातील पालमचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. गोदावरीच्या खोऱ्यातील हा परिसर सुमारे 400 मीटर उंचीवर असल्याने प्रमाण वातावरणात घनतेची हानी केवळ 4 टक्के असते. परंतु मे महिन्यात तापमान 42 अंश सेल्सिअसला पोहोचले की हीच हानी सुमारे 13 टक्के होते. प्रमाण वातावरणात एवढी विरळ हवा महाबळेश्वरच्या, म्हणजे सुमारे 1,350 ते 1,400 मीटरांच्या उंचीवर आढळते. इंजिनाच्या दृष्टीने वैशाखातील दुपारी पालम जणू महाबळेश्वर होते, थंडावा मात्र मिळत नाही! तेव्हा नोंदीत केवळ गावाची उंची नव्हे, तर त्या वेळचे तापमान व दाबही आवश्यक ठरतात.

बदलता संदर्भ :
24 जून 2018 रोजी पाइक्स पीकच्या चढणीच्या शर्यतीत रोमें द्युमा याने फोक्सवॅगनच्या विद्युत मोटारीने 7 मिनिटे 57.148 सेकंदांचा विक्रम केला. 2013 चा पेट्रोल मोटारीचा विक्रम 8 मिनिटे 13.878 सेकंदांचा होता. विद्युत मोटारीला प्राणवायू लागत नसल्याने उंचीने तिची शक्ती घटत नाही. ज्या शिखरावर 1918 साली इंजिनाची दुर्बलता मोजली गेली, तेथेच शंभर वर्षांनी त्या दुर्बलतेला पर्याय सिद्ध झाला.

निष्कर्ष :
वेगाची नोंद हे वाहन, चालक आणि हवा या तिघांचे संयुक्त फलित आहे. उंची, तापमान व दाब यांच्या उल्लेखाशिवाय ती अपूर्ण साधन ठरते. इतिहासाच्या अभ्यासकाने शिलालेखाचे स्थान व काळ तपासावा, त्याच काटेकोरपणे वेगनोंदीचेही स्थळ आणि ऋतू तपासणे अगत्याचे आहे.