रक्तपिपासू पिशाच्चपट

रक्तपिपासू पिशाच्चपट (रूढ नाव: व्हॅम्पायरपट) हा भयपटाचा एक उपप्रकार आहे. मृत्यूनंतरही देहासह वावरणारे, जिवंत माणसाच्या रक्तावर टिकून राहणारे आणि आपल्या भक्ष्यालाही आपल्यासारखेच करणारे पिशाच्च हे या चित्रपटांचे मध्यवर्ती पात्र असते. पूर्व युरोपातील लोकसमजुतींचा आधार घेऊन ब्रॅम स्टोकर यांनी लिहिलेल्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) या इंग्रजी कादंबरीमुळे हे पात्र जगभर पोहोचले. भारतात असे चित्रपट मोजकेच निघाले. मराठी वाचकांना हे पिशाच्च मुख्यतः नारायण धारप यांच्या लेखनातून परिचित झाले.

संज्ञा आणि वेताळ

‘व्हॅम्पायर’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘रक्तपिपासू पिशाच्च’ हा वर्णनात्मक शब्दप्रयोग आहे. इंग्रजीत मात्र ‘वेताळ’ आणि ‘व्हॅम्पायर’ यांची सांगड फार पूर्वीच घातली गेली. रिचर्ड बर्टन यांनी वेतालपंचविंशतीतील निवडक कथांचे स्वैर रूपांतर १८७० मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा शीर्षकात वेताळासाठी ‘व्हॅम्पायर’ हाच शब्द वापरला.

ही सांगड दिशाभूल करणारी आहे. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तही या कथा येतात. त्यांतील वेताळ स्मशानातील प्रेतात शिरतो, परंतु तो रक्त पीत नाही. तो राजाला कोडी घालतो आणि अखेरीस कपटी योग्याच्या कटाची सूचना देऊन त्याचे प्राण वाचवतो. कोकणात व गोव्यात तर वेताळ हा ग्रामरक्षक देव आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आरवली येथील वेतोबा रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे त्याच्या वहाणा झिजतात असे मानून भाविक त्याला चामड्याच्या मोठ्या वहाणा आणि केळ्यांचे घड अर्पण करतात.

मराठी लोकसमजुतींशी तुलना

मराठी लोकपरंपरेतील मुंजा, समंध, हडळ, खवीस, गिऱ्हा, चकवा ही भुते प्रामुख्याने अतृप्त वासनेची किंवा विशिष्ट जागेची असतात. मुंज झाल्यावर पण लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होतो व पिंपळावर राहतो, तर गिऱ्हा पाण्यात ओढतो आणि चकवा वाट चुकवतो. ही भुते झपाटतात, अंगात येतात. थडग्यातून सदेह उठून रक्त पिणे हा त्यांचा स्वभाव नाही.

यामागील एक कारण अंत्यविधीत शोधता येते. युरोपीय कल्पनेला पुरलेला, न कुजलेला देह आवश्यक असतो. बहुसंख्य हिंदू समाजात दहनाची रीत असल्याने परत येण्यासाठी देहच उरत नाही. लिंगायत समाजात, संन्याशांमध्ये आणि लहान मुलांच्या बाबतीत दफनाची प्रथा आहे. तथापि संन्याशाची समाधी हे भयाचे नव्हे, पूजेचे स्थान ठरते. म्हणून या प्रकारच्या भारतीय चित्रपटकर्त्यांपुढे दोन प्रश्न उभे राहतात: पिशाच्चाचा देह कोठे ठेवायचा आणि क्रूसाऐवजी त्याला कशाने रोखायचे?

पाश्चात्त्य चित्रपट

एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांचा ‘नोस्फेराटू’ (१९२२) हा जर्मन मूकपट या प्रकारातील आरंभीचा महत्त्वाचा चित्रपट होय. तो स्टोकर यांच्या वारसांची परवानगी न घेता तयार करण्यात आला होता. स्टोकर यांच्या पत्नीने दाद मागितल्यावर न्यायालयाने त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला, परंतु काही प्रती वाचल्या. सूर्यप्रकाशाने पिशाच्च नष्ट होते, ही आज सर्वपरिचित असलेली कल्पना याच चित्रपटाने रूढ केली. मूळ कादंबरीतील ड्रॅक्युला दिवसाही हिंडू शकतो.

टॉड ब्राउनिंग यांच्या ‘ड्रॅक्युला’त (१९३१) बेला लुगोसी यांनी पिशाच्चाला सभ्य, उमराव रूप दिले. ब्रिटनच्या हॅमर कंपनीने १९५८ मध्ये टेरेन्स फिशर यांच्या दिग्दर्शनाखाली व ख्रिस्टोफर ली यांच्या भूमिकेत हीच कथा रंगीत स्वरूपात आणली. पडद्यावरील रक्त त्यामुळे लाल दिसू लागले.

भारतीय उपखंडातील चित्रपट

लाहोर येथे तयार झालेल्या ‘ज़िंदा लाश’ (१९६७) या उर्दू चित्रपटात पिशाच्चाच्या जन्माचे कारणच बदललेले आहे. त्यातील प्राध्यापक तबानी अमरत्वाचे रसायन तयार करून स्वतःच पितो आणि मरून रक्तपिपासू होतो.

मुंबईत रॅमसे बंधूंनी ‘दो गज ज़मीन के नीचे’पासून (१९७२) भयपटांची परंपरा निर्माण केली. त्या चित्रपटाचे चित्रीकरण महाबळेश्वर येथे झाले होते. ‘पुराना मंदिर’ (१९८४) या त्यांच्या गाजलेल्या चित्रपटात दुष्ट शक्तीला शंकराच्या त्रिशूळाने बांधून ठेवलेले असते. ड्रॅक्युलाच्या सर्वांत जवळ जाणारा त्यांचा चित्रपट म्हणजे तुलसी व श्याम रॅमसे दिग्दर्शित ‘बंद दरवाज़ा’ (१९९०). त्यातील नेवला (अभिनेते अजय अगरवाल) वटवाघूळ होतो आणि शवपेटीत झोपतो. मात्र त्याचे ठिकाण परदेशी किल्ला नसून ‘काली पहाडी’ आहे. त्याच्या सावलीत ठाकुराच्या घराण्याची गोष्ट घडते ती अपत्यहीन स्त्रीच्या अगतिकतेतून. मूल हवे म्हणून केलेला करार पुढच्या पिढीच्या जिवावर उठतो. वारसासाठी स्त्रीवर येणारा दबाव प्रेक्षकांच्या परिचयाचा होता. परक्या पिशाच्चाला स्थानिक पाया लाभला तो त्यामुळे.

आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘थामा’ (२०२५) या हिंदी चित्रपटात रक्तपिपासूंच्या जमातीला ‘बेताल’ म्हटले आहे. बर्टन यांनी वेताळाला व्हॅम्पायर म्हटले होते. येथे व्हॅम्पायरला वेताळाचे नाव मिळाले. त्यापूर्वी सरपोतदार यांनी ‘झोंबिवली’ (२०२२) हा मराठी चित्रपट आणि कोकणातील लोकसमजुतीवर आधारलेला ‘मुंज्या’ (२०२४) हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला होता.

मराठी साहित्य आणि चित्रपट

नारायण धारप (१९२५–२००८) यांची ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’वर (१९७५) बेतलेली आहे. एकेक घर करीत संपूर्ण वस्ती पिशाच्चांच्या अधीन होणे, हे तिचे कथासूत्र. शेजारच्या माणसावरील विश्वास उडणे हे या भयाचे मूळ असल्याने, एकमेकांना ओळखणाऱ्या मराठी गावात ते सहज रुजले. धारपांच्या लेखनाची प्रेरणा ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटामागेही आहे. ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६), ‘झपाटलेला’ (१९९३) आणि ‘लपाछपी’ (२०१७) हे मराठीतील उल्लेखनीय भयपट. मात्र त्यांपैकी एकातही रक्तपिपासू पिशाच्च नाही.

कोल्हापूरशी संबंध

कोल्हापूर हे मराठी चित्रपटसृष्टीचे माहेरघर मानले जाते, परंतु तेथील निर्मितीचा भर पौराणिक, ऐतिहासिक व सामाजिक विषयांवर राहिला. तथापि पडद्यावरील हिंसेचा प्रश्न तेथे फार लवकर उद्भवला. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’ (१९२०) या मूकपटातील कीचकवधाचे दृश्य इतके वास्तव भासले की सरकारी आक्षेपामुळे ते कापावे लागले. म्हणजे ‘नोस्फेराटू’च्या दोन वर्षे आधीच कोल्हापूरच्या चित्रपटाने प्रेक्षकाला भयचकित केले होते, त्यासाठी त्याला पिशाच्चाची नव्हे, महाभारताची मदत झाली.

याच कंपनीत लेखक म्हणून कारकीर्द सुरू केलेले नानासाहेब सरपोतदार हे ‘थामा’च्या दिग्दर्शकाचे पणजोबा होत. ‘बंद दरवाज़ा’मध्ये ठाकुराची भूमिका करणारे विजयेंद्र घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातील कागलच्या घाटगे घराण्यातील आहेत.

हेही पाहा

भयपट
वेताळ
नारायण धारप
रॅमसे बंधू
महाराष्ट्र फिल्म कंपनी